ब्रॉडबँड-टीव्हीचं कनेक्शन बंद केलं, तरी बिल येतंच आहे? हिशोब असा मिटवा

मोडेमचा प्लग काढला, सेट टॉप बॉक्स माळ्यावर टाकला, नव्या कंपनीचं फायबर घरात आलं, की जुनं कनेक्शन बंद झालं असं बहुतेक घरांत धरून चालतात. कंपनीच्या खात्यात मात्र तसं काहीच झालेलं नसतं. तिथे तुमचं खातं चालूच असतं, महिन्याचं भाडं लागत राहतं आणि दोन-तीन महिन्यांनी वसुलीचा फोन येतो. असली भांडणं बहुतेक वेळा याच फटीतून सुरू होतात: वापर थांबला, पण करार संपल्याची तारीख कुठेच नोंदवलेली नाही. म्हणून इथे सांगितलेल्या सगळ्या खटाटोपाचा हेतू दोन कागद हातात येणं हाच आहे. एक, कनेक्शन अमुक तारखेला बंद झाल्याची लेखी खूण. दुसरा, कंपनीचं सामान परत दिल्याची पोच. हे दोन असतील तर उरलेलं भांडण तुलनेने सोपं असतं.

अर्ज करण्याआधी

आधी तुमचा प्लॅन कोणत्या जातीचा आहे ते पाहा. महिना संपल्यावर बिल येत असेल तर तो पोस्टपेड. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आधीच भरले असतील तर प्रीपेड, आणि तिथे भांडण उलटं असतं: कंपनी तुमच्याकडे मागत नाही, तुम्हाला तिच्याकडून उरलेले पैसे काढायचे असतात. डिश टीव्हीसारख्या डीटीएच सेवा बहुधा प्रीपेडच असतात, त्यामुळे त्यात थकबाकीपेक्षा खात्यातल्या शिलकीचा आणि डब्याच्या (सेट टॉप बॉक्सच्या) अनामतीचा प्रश्न येतो. इंटरनेट, टीव्ही आणि ओटीटी एकाच पॅकमध्ये असेल तर तिन्ही गोष्टी एकाच खात्याखाली आहेत की वेगवेगळ्या, हे ॲपमध्ये किंवा बिलावर तपासा. इंटरनेट बंद झालं आणि टीव्हीचं खातं वेगळ्या ग्राहक क्रमांकावर चालूच राहिलं, असं सर्रास होतं.

मग बिलावरून या गोष्टी उतरवून घ्या: ग्राहक क्रमांक, बिलाचं चक्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, अनामत किती भरली, मोडेम आणि डबा विकत घेतलेला आहे की भाड्याचा. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. विकत घेतलेला डबा तुमच्याच मालकीचा असतो, तो परत न दिल्याबद्दल दंड लागू शकत नाही. जुनी पावती मिळत नसेल तर पहिल्या महिन्याचं बिल काढा, त्यात 'इन्स्टॉलेशन', 'डिपॉझिट', 'डिव्हाइस' अशा ओळी असतात.

कनेक्शन घेताना 'इन्स्टॉलेशन फुकट' मिळालं असेल, तर त्यासोबत सहा महिन्यांची किंवा वर्षाची किमान मुदत असू शकते. मुदतीआधी बंद केल्यास ते पैसे कंपनी मागते. अट तेव्हा स्पष्ट दाखवलेली असेल तर ही मागणी सहसा टाळता येत नाही. नसेल, तर तोच तुमच्या हरकतीचा मुद्दा.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, तेही आताच पाहा. वडिलांच्या नावावरचं कनेक्शन त्यांच्या निधनानंतर तसंच चालू असलेली घरं पुष्कळ आहेत. अशा वेळी मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र जोडून अर्ज द्यावा लागतो. मुलं परदेशात आणि आई-वडिलांचं पुण्या-नाशिकचं घर बंद, अशी स्थिती असेल तर इथल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावे सहीचं अधिकारपत्र पाठवा. नोंदवलेला मोबाइल बंद पडलेला असेल तर ओटीपीच येणार नाही, म्हणून नंबर आणि ईमेल बदलण्याचं काम आधी उरका. घरात लँडलाइन असेल तर एक लक्षात ठेवा: मोबाइलसारखी नंबर पोर्ट करण्याची सोय लँडलाइनला नाही. कनेक्शन गेलं की नंबर गेला, तेव्हा बँकेत आणि सोसायटीत तो दिलेला असेल तर आधी बदलून घ्या.

अर्ज: फोन करा, पण फोनवर थांबू नका

कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घेणं ही सुरुवात आहे. त्याच दिवशी नोंदवलेल्या ईमेलवरून लेखी अर्जही पाठवा. मराठीत लिहा किंवा इंग्रजीत, तारखा आणि क्रमांक बरोबर असले पाहिजेत. मजकूर एवढाच पुरे:

'माझा ग्राहक क्रमांक अमुक. या खात्यावरील ब्रॉडबँड, टीव्ही आणि त्यासोबतच्या सर्व सेवा दिनांक अमुकपासून कायमस्वरूपी बंद कराव्यात. आपल्या मालकीचे मोडेम आणि सेट टॉप बॉक्स परत देण्यास मी तयार आहे, ते नेण्याची तारीख कळवावी. बंद करण्याच्या तारखेपर्यंतचे अंतिम बिल पाठवावे आणि अनामत रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. फोनवरील विनंतीचा क्रमांक अमुक. यापुढे ऑटो-पेमेंटद्वारे कोणतीही रक्कम वळती करू नये.'

'कायमस्वरूपी' हा शब्द मुद्दाम आहे. अनेक कंपन्यांकडे 'सेफ कस्टडी' किंवा तात्पुरतं बंद असा एक पर्याय असतो आणि फोनवरचा माणूस तुमची विनंती त्यात टाकू शकतो. मग काही महिन्यांनी कनेक्शन आपोआप सुरू होतं आणि बिलही. चार महिने गावी जाणार असाल तर तात्पुरतं बंद ठेवणं सोयीचं आहे, पण त्याचं शुल्क आधी विचारा. टीव्ही सेवेच्या बाबतीत अशा शुल्कांवरची कमाल मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकाने जुलै २०२४ मधल्या दुरुस्तीने काढून टाकली. मात्र ती शुल्कं जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

अर्जानंतर एक-दोन दिवसांत मनधरणीचा फोन येतो. 'एक महिना फुकट देतो', 'स्पीड वाढवून देतो'. ऑफर पटली तर जरूर घ्या, पण होकार दिला की बंद करण्याची विनंती रद्द झाली असं कंपनी धरते. नको असेल तर 'बघतो', 'विचार करतो' असं म्हणू नका. स्पष्ट नाही सांगा आणि तसं एका ओळीचं ईमेल पाठवा.

कायद्याने कंपनीला किती मुदत आहे? ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. त्यांनुसार ब्रॉडबँड बंद करण्याची विनंती ७ दिवसांत पूर्ण व्हायला हवी आणि बंद केल्यानंतर अनामत ४५ दिवसांत परत मिळायला हवी. तुमच्या अर्जाच्या तारखेत ७ दिवस मिळवले की कंपनीने कनेक्शन बंद करायची शेवटची तारीख निघते. त्यापुढचं भाडं मागितलं तर हरकत घ्या.

ऑटो-पे

यूपीआय ऑटो-पे, कार्डावरचं ई-मँडेट किंवा बँकेतून होणारं नाच (NACH) मँडेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी, यातलं काही चालू असेल तर अर्ज केल्या दिवशीच ते रद्द करा. यूपीआयचं मँडेट त्याच ॲपच्या ऑटो-पे विभागात रद्द होतं, कार्डाचं बँकेच्या ॲपमध्ये. कार्ड आणि यूपीआयवरून पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवश्यक आहे, तेव्हा असा संदेश आला तर तो वाचा. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, म्हणजे कापले जाणार नाहीत, हा मार्ग धरू नका. नाच मँडेट परत गेलं तर बँक त्याचा दंड लावते. मँडेट रीतसर रद्द करा आणि अंतिम बिल तपासून हाताने भरा.

सामानाची पोच: सगळ्यात जास्त भांडण इथे

घरी आलेला मुलगा मोडेम आणि डबा पिशवीत टाकतो, 'सिस्टिममध्ये टाकतो' म्हणतो आणि जातो. पुढे तो नोकरी सोडतो किंवा सामान गोदामात नोंदलंच जात नाही, आणि तुमच्या बिलात 'डिव्हाइस नॉट रिटर्न्ड' अशी ओळ येते. ग्राहकाकडे पुरावा नाही, कंपनीकडे नोंद नाही. माझ्या मते या एका टप्प्यावर जितकं कडक राहता येईल तितकं राहावं.

सामान देण्याआधी मोडेम आणि डबा उलटे करून मागच्या स्टिकरचा फोटो काढा, त्यावर सिरियल नंबर असतो. अडॅप्टर, रिमोट, केबल एकत्र ठेवून आणखी एक फोटो. नेणाऱ्याकडून पावती घ्या. पावतीपुस्तक नसेल तर साध्या कागदावर दोन्ही सिरियल नंबर, तारीख, वेळ, त्याचं नाव आणि सही घ्या आणि त्याच्यासमोर कंपनीला ईमेल करा. तो सही द्यायला तयार नसेल तर सामान देऊ नका. 'पोच द्या आणि घेऊन जा' असं लेखी कळवा. बीएसएनएलसारख्या कंपनीत कार्यालयात जाऊन सामान जमा करता येतं, तिथे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. कोणी न्यायलाच येत नसेल तर दर आठवड्याला एक ईमेल पाठवत राहा. न्यायला न येणं ही कंपनीची हयगय आहे, आणि ती तुमच्या ईमेलमधून दिसली पाहिजे.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट आणि टीव्ही घेतलं असेल तर आणखी काळजी घ्या. पैसे रोख, पावती व्हॉट्सॲपवर किंवा नाहीच, आणि खातं मात्र मोठ्या कंपनीच्या नावावर, असा प्रकार असतो. केबलवाल्याला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं असं मानून थांबू नका. दोघांनाही लेखी कळवा. रोजच्या ओळखीचा माणूस आहे म्हणून पोच मागायला संकोच वाटतो, पण पोच दोघांच्याही बचावाची असते, हे त्यालाही कळतं.

अंतिम बिल स्वतः मांडा

कंपनीचा आकडा येण्याआधी तुमचा आकडा तयार हवा. समजा प्लॅन महिन्याला ९०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १६२, एकूण १,०६२. बिलाचं चक्र १ ते ३० जून. कनेक्शन १० जूनला बंद झालं, मागची बाकी नाही, अनामत १,५०० रुपये. दहा दिवसांचं भाडं ३०० आणि जीएसटी ५४, म्हणजे ३५४. अनामतीतून ते वजा केलं तर कंपनीने तुम्हाला १,१४६ रुपये द्यायचे.

आता बिल असं येतं: जून पूर्ण १,०६२, जुलै पूर्ण १,०६२, डबा परत न दिल्याचे २,०००, वजा अनामत १,५००. एकूण मागणी २,६२४ रुपये. एकदम 'बिल चुकीचं आहे' असं लिहू नका. एकेक ओळ घ्या. जुलै: कनेक्शन १० जूनला बंद, सोबत ईमेल. डबा: अमुक तारखेला परत, सोबत पोच. जून: दहा दिवसच वापर. शेवटच्या ओळीबाबत मात्र सावध राहा. काही प्लॅनच्या अटींत अर्धवट महिन्याचं भाडं परत मिळणार नाही असं लिहिलेलं असतं. तशी अट असेल तर तो मुद्दा तुमचा कमकुवत आहे, त्यावर पूर्ण जोर लावून बाकीचे दोन भक्कम मुद्दे झाकोळू देऊ नका.

वर्षाचे पैसे आधी भरलेले असतील तर हिशोबात सवलतीचा मुद्दा येतो. बारा महिन्यांच्या भावात जी सूट मिळाली ती मधेच सोडल्यास काढून घेऊन, वापरलेल्या महिन्यांना मासिक दर लावून कंपनी उरलेली रक्कम काढते. हे अटीत असेल तर मान्य करावं लागतं, पण तो हिशोब ओळवार लेखी मागा. नुसतं 'परतावा शून्य' हे उत्तर स्वीकारू नका.

जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी वादात अडकवू नका. तुमच्या हिशोबाने खरोखर काही देणं निघत असेल तर ते भरा आणि ईमेलमध्ये लिहा की ही रक्कम मान्य, बाकीच्यावर हरकत कायम. अंगावर फक्त वादाची रक्कम राहिली की तुमच्याकडे थकबाकीदार म्हणून बोट दाखवायला फारशी जागा उरत नाही.

तक्रारीची पायरी

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी ब्रॉडबँडसाठी दोन पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली तक्रार केंद्राची. इथे मिळणारा डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, जपून ठेवा, त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. बिलाबद्दलच्या बहुतेक सगळ्या तक्रारी चार आठवड्यांत आणि सर्व तक्रारी सहा आठवड्यांत निकाली निघाव्यात, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर आठवड्याभरात रक्कम वळती व्हावी, असं गुणवत्तेचं प्रमाण आहे.

उत्तर पटलं नाही किंवा मुदत उलटली तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचा आणि अपील प्राधिकरणाचा पत्ता ट्रायच्या तक्रार देखरेख पोर्टलवर मिळतो. टीव्ही सेवेसाठी नियम वेगळे आहेत, २०१७ चे. तिथे तक्रार केंद्रानंतर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायचं. एकत्र पॅक असेल तर एकाच ईमेलमध्ये दोन्ही सेवांचे मुद्दे वेगळे मांडून दोघांनाही पाठवा.

ट्रायलाच पत्र लिहून काम होईल अशी अनेकांची समजूत असते. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, फार तर कंपनीकडे पाठवते. त्यापेक्षा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदवणं उपयोगी, कारण कंपनीला तिथे उत्तर द्यावं लागतं. समांतर म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच, तिथे मराठीतही बोलता येतं. ओटीटीचं सदस्यत्व पॅकसोबत आलं होतं आणि त्याचे पैसे वेगळे कापले जात असतील, तर त्यासाठी या हेल्पलाइनचाच मार्ग धरा.

बंद करण्याचं बटण ॲपमध्ये लपवून ठेवणं, घेताना एक क्लिक आणि सोडताना दहा पायऱ्या, याला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे आणि तो बंदी घातलेल्या १३ क्लृप्त्यांपैकी एक आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि तक्रारीत हे नाव घेऊन लिहा.

ग्राहक आयोग

दोन-तीन हजारांसाठी कोण आयोगात जाणार, हा विचार स्वाभाविक आहे. पण वाट वाटते तितकी अवघड नाही. दिलेल्या सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येतं. करारात 'फक्त दिल्लीचं न्यायक्षेत्र' असं छापलं म्हणून साताऱ्याच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृति पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

कंपनीचे वकील एक जुना आक्षेप घेतात: टेलिफोनचा वाद टेलिग्राफ कायद्याखाली लवादाकडे जातो, ग्राहक आयोगाला अधिकार नाही. २००९ च्या एका निकालामुळे या आक्षेपाला वजन होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो मुद्दा निकाली काढला. दूरसंचार सेवेचा ग्राहक आयोगात येऊ शकतो. उत्तरात हा आक्षेप दिसला तर घाबरू नका.

दाखल करण्याआधी कंपनीला १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. ओळवार हिशोब, जोडलेले पुरावे आणि काय हवं ते स्पष्ट: बिल रद्द, अनामत परत, खातं शून्य बाकीवर बंद केल्याचं पत्र, झालेल्या त्रासाची भरपाई. पुष्कळ प्रकरणं या नोटिशीवरच मिटतात. मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

वसुलीचे फोन आणि लोकअदालतीची नोटीस

वाद चालू असताना वसुली एजन्सीचे फोन येतात. भाषा कधी कधी घाबरवणारी असते, घरातल्या वयस्कर माणसांनी उचलला तर ते पैसे भरून मोकळे होतात. घरातल्या सगळ्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: 'बिल वादात आहे, डॉकेट क्रमांक अमुक, काय ते ईमेलवर लिहा.' त्यापुढे बोलायचं नाही, कोणत्याही लिंकवर पैसे भरायचे नाहीत. खऱ्या वसुलीच्या आडून खोटे फोनही येतात.

काही जणांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिक्क्याची लोकअदालतीची नोटीस येते आणि खटला भरला गेला असं वाटून झोप उडते. तो बहुधा दाखलपूर्व तडजोडीचा प्रस्ताव असतो. साध्या लोकअदालतीत (स्थायी लोकअदालतीत नव्हे) दोघांच्या संमतीशिवाय काहीही ठरत नाही. मनात असेल तर कागद घेऊन जा, अधिकाऱ्यांपुढे हिशोब दाखवा, पटेल ती तडजोड लेखी घ्या. पटली नाही तर नकार देऊन परत या, त्याची शिक्षा नाही. पण तडजोड केली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तेव्हा 'अर्धे भरा, मिटवून टाका' याला हो म्हणण्याआधी अर्धे खरंच देणं लागतात का, ते पाहा.

राहिला सिबिलचा, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात त्या क्रेडिट अहवालाचा प्रश्न. पोस्टपेड ब्रॉडबँडची थकबाकी क्रेडिट अहवालात दूरसंचार खातं म्हणून दिसू शकते, आणि गृहकर्जाच्या वेळी दोन हजारांची ही ओळ नडते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. कनेक्शन बंद केल्यावर तीन-चार महिन्यांनी तो काढा. जुनी कंपनी त्यात दिसली, तर त्या संस्थेच्या वेबसाइटवर हरकत नोंदवा, बंद केल्याचं ईमेल आणि सामानाची पोच जोडा, आणि त्याच हरकतीची प्रत कंपनीच्या अपील प्राधिकरणालाही पाठवा.